दारातली राजीखुशी

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात, वस्तीपासून दूर, मैलभर लांबीच्या मातीच्या रस्त्याच्या टोकाला एक घर होतं. घराची मालकीण ६६ वर्षांची कृष्णवर्णीय विधवा. नातू तिच्याजवळच राहायचा. एके दिवशी ती घरकामात होती, काही लहान मुलं घरात होती आणि दाराशी चार गोरे अधिकारी येऊन उभे राहिले: काउंटीचा शेरीफ, त्याचे दोन डेप्युटी आणि राज्य सरकारचा एक तपास अधिकारी. त्यांच्यातला एक पुढे झाला आणि म्हणाला, तुमच्या घराची झडती घ्यायचं वॉरंट माझ्याकडे आहे. ती बाहेर आली, दार उघडलं आणि म्हणाली, ‘या, घ्या.’ स्वयंपाकघरात एक .२२ ची रायफल सापडली. नातवावर बलात्काराचा खटला भरला गेला, रायफल पुरावा म्हणून कोर्टात आली आणि नातवाला जन्मठेप झाली.

वॉरंट तिला कुणी वाचून दाखवलं नव्हतं. पुढे कोर्टात सरकारी वकिलाने तर सांगितलं की आमची भिस्त वॉरंटवर नाहीच. झडती झाली ती आजीच्या संमतीने. आजीची साक्ष झाली. तिने शपथेवर सांगितलं की मी आपणहून घर बघू दिलं, कुणी बळजबरी केली नाही. पोरगा निर्दोष आहे असं मला वाटत होतं, मग लपवायचं कशाला? त्याच साक्षीत तिने हेही सांगितलं की ते आले, वॉरंट आहे म्हणाले, म्हणून मी त्यांना या म्हटलं.

दोन्ही विधानं तिच्याच तोंडची, दोन्ही खरी. मग संमती होती की नव्हती?

३ जून १९६८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘बंपर विरुद्ध नॉर्थ कॅरोलिना’ या खटल्यात सात विरुद्ध दोन मतांनी उत्तर दिलं की नव्हती. निकाल लिहिला न्या. पॉटर स्टुअर्ट यांनी. त्यांचं म्हणणं सरळ होतं. जो अधिकारी वॉरंट आहे म्हणून सांगतो, तो त्याच दमात घरातल्या माणसाला हेही सांगत असतो की आता अडवायचा हक्क तुला उरलेला नाही. सक्ती कायद्याचा पोशाख घालून आली तरी ती सक्तीच, आणि सक्ती आहे तिथे संमती असूच शकत नाही. आजीच्या ‘आपणहून’ या शब्दाला न्यायालयाने खोटं ठरवलं नाही. त्याने फक्त तो शब्द निघण्याआधी दारात काय घडलं ते पाहिलं.

आपल्याकडे खरेदीखत किंवा बक्षीसपत्र लिहिताना ‘राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता’ हे वाक्य येतंच. भाऊबंदकीचा दावा कोर्टात गेला की त्या वाक्याने काहीच सिद्ध होत नाही. सही करताना म्हाताऱ्याच्या उशाशी कोण बसलं होतं, हे विचारलं जातं. अमेरिकेत शंभर वर्षं हाच प्रश्न घरझडतीबाबत विचारला जातो आहे. तिथे बहुतेक वेळा मागणी तोंडी असते, उत्तर द्यायला जेमतेम काही क्षण मिळतात आणि समोरच्याच्या कमरेला पिस्तूल असतं.

हा प्रश्न तिथेच इतका का पेटला, याचं मूळ लंडन आणि बॉस्टनमध्ये आहे. नोव्हेंबर १७६२ मध्ये लंडनमधल्या जॉन एन्टिक या लेखकाच्या घरात राजाचे चार दूत शिरले, चार तास कुलपं फोडून कपाटं उपसली आणि कागदपत्रं घेऊन गेले. मंत्री लॉर्ड हॅलिफॅक्स यांनी काढलेला आदेश त्यांच्याकडे होता. एन्टिकने दावा लावला आणि १७६५ मध्ये न्यायाधीश लॉर्ड कॅम्डेन यांनी तो आदेश बेकायदा ठरवला. त्याच सुमारास अटलांटिकच्या पलीकडे जकात अधिकारी कुणाच्याही घरात आणि गोदामात शिरायची मुभा देणारे सरसकट परवाने वापरत होते. त्यांच्याविरुद्ध जेम्स ओटिस या वकिलाने १७६१ मध्ये बॉस्टनच्या कोर्टात भाषण केलं. स्वातंत्र्यानंतर १७९१ मध्ये अमेरिकी राज्यघटनेला जी चौथी दुरुस्ती जोडली गेली, तिच्यात हा सगळा राग उतरलेला आहे. घराची अवाजवी झडती नको. वॉरंट हवं, ते सबळ कारणावर हवं आणि कुठली जागा तपासायची, काय जप्त करायचं हे त्यात लिहिलेलं हवं.

पुढचं पाऊल १९१४ चं. ‘वीक्स’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की या दुरुस्तीचा भंग करून मिळवलेला पुरावा संघराज्याच्या कोर्टात चालणार नाही. तोवर बेकायदा झडतीचा निषेध करता येई, पण सापडलेला माल आरोपीविरुद्ध वापरला जाईच. आता माल बाद होऊ लागला. त्यामुळे वॉरंट नसलेल्या पोलिसांना एक सोपी वाट उरली: घरातल्या माणसाने ‘या’ म्हटलं होतं असं सांगायचं. ज्याने स्वतःच हक्क सोडला, त्याचा हक्क मोडला कसा म्हणायचा?

ही वाट पहिल्यांदा सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचली ती व्हिस्कीच्या काही बाटल्यांमुळे. साउथ कॅरोलिनामधल्या एमोस नावाच्या माणसाच्या घरी महसूल खात्याचे दोन अधिकारी गेले. तो घरी नव्हता. एक बाई होती, ती म्हणाली मी त्याची बायको. अधिकाऱ्यांनी तिला सांगितलं की आम्ही महसूल खात्याचे आहोत आणि झडती घ्यायला आलो आहोत. घराच्याच आवारात एक दुकान होतं, ते तिने उघडून दिलं. आत शेंगदाण्यांच्या पिंपात एक बाटली निघाली, तीत अर्धा पाइंटही भरेल न भरेल इतकी, कर चुकवून गाळलेली व्हिस्की. मग अधिकारी घरात गेले. तिथे पलंगावरच्या गोधडीखाली आणखी दोन बाटल्या.

१९२१ मध्ये न्यायालयाने एकमताने निकाल दिला. नवऱ्याचा घटनात्मक हक्क बायकोला सोडता येतो का, या प्रश्नात आम्ही शिरतच नाही, असं न्यायालयाने म्हटलं. कारण सरकारी माणसांनी झडतीची घोषणा केल्यावर उघडलेल्या दारामागे दडपण आहेच. त्या बाईने विरोध केला नाही एवढंच घडलं. विरोध न करणं म्हणजे हक्क सोडणं नव्हे.

२७ वर्षांनी, १९४८ मध्ये, न्या. रॉबर्ट जॅक्सन यांनी ते आणखी स्पष्ट केलं. सिएटलमधल्या एका हॉटेलच्या खोलीतून अफूचा वास येत होता. पोलिसांनी दार ठोठावलं. आतून विचारलं, कोण? लेफ्टनंटने नाव सांगितलं. आत थोडी खुडबूड झाली, मग एका बाईने दार उघडलं. तुमच्याशी जरा बोलायचं आहे, असं तो म्हणाला तेव्हा ती मागे सरकली आणि पोलीस आत आले. जॅक्सन यांनी लिहिलं की ही समजूनउमजून दिलेली परवानगी नव्हे, अधिकारापुढे झुकणं आहे. जॅक्सन हे न्यूरेंबर्गच्या युद्धगुन्हे खटल्यात अमेरिकेचे मुख्य अभियोक्ता होते. पोलिसी सत्ता बेलगाम झाली की घरांच्या दारांचं काय होतं, याचे कागद त्यांनी तिथे जवळून पाहिले होते, आणि १९४८-४९ च्या त्यांच्या झडतीविषयक निकालपत्रांत ती कळकळ जाणवते.

आणि जी ठाम नाही म्हणते तिचं काय होतं? २३ मे १९५७ रोजी क्लीव्हलंडमध्ये डॉलरी मॅप या तरुण कृष्णवर्णीय बाईच्या दाराशी पोलीस आले. तिने वकिलाला फोन लावला आणि वॉरंटशिवाय आत घेणार नाही असं सांगितलं. साधारण तीन तासांनी जादा कुमक आली, दार फोडलं गेलं. तिने वॉरंट मागितलं तेव्हा एका अधिकाऱ्याने एक कागद हवेत धरला. तिने तो हिसकावून पोलक्यात खोचला. झटापट करून पोलिसांनी तो परत घेतला आणि तिला बेड्या घातल्या. सगळं घर, तळघरातली पेटीसुद्धा, उलथंपालथं केलं. खटल्यात वॉरंट कधीच हजर केलं गेलं नाही. १९६१ मध्ये ती जिंकली आणि बेकायदा झडतीतला पुरावा बाद करायचा नियम सगळ्या राज्यांच्या कोर्टांना लागू झाला. पण त्या दुपारी तिच्या शेजारपाजाऱ्यांनी काय पाहिलं? नाही म्हटलेल्या बाईचं दार फुटलं आणि तिच्या हातात बेड्या पडल्या. पुढच्या वेळी त्यांच्या दारावर थाप पडल्यावर ते काय म्हणणार होते, याचा विचार संमतीच्या निकालपत्रांत फारसा सापडत नाही. तो असायला हवा होता.

१९६६ मध्ये ‘मिरांडा’ निकाल आला. कोठडीतल्या आरोपीला चौकशीपूर्वी सांगायलाच हवं की तुला गप्प राहायचा हक्क आहे, वकील मिळायचा हक्क आहे. दोन वर्षांनी बंपरच्या आजीचा निकाल. या दोन पावलांनंतर तिसरं पाऊल अनेकांना उघड दिसत होतं: झडतीची परवानगी मागताना ‘तुम्ही नाही म्हणू शकता’ एवढं वाक्य पोलिसांनी सांगायचं. कॅलिफोर्नियातल्या एका संघराज्य अपील न्यायालयाने तसंच काहीसं ठरवलंही. माणसाला नकार देता येतो हे ठाऊक होतं, असं सरकारने दाखवून द्यावं, असं त्याचं म्हणणं होतं.

तो खटला एका मोटारीचा होता, पण त्यावरून जो नियम निघाला तो आजही प्रत्येक घराच्या दारात लागू होतो. ३१ जानेवारी १९६७, पहाटेचे २ वाजून ४० मिनिटं. कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल गावात एका पोलिसाने गाडी थांबवली. एक हेडलाइट आणि नंबरप्लेटचा दिवा बंद होता. आत सहा जण. त्यांच्यातल्या एकाने सांगितलं की गाडी माझ्या भावाची. आणखी दोन पोलीस येऊन पोहोचले. पहिल्याने विचारलं, गाडी तपासू का? ‘हो, खुशाल,’ असं उत्तर आलं आणि त्याने स्वतः डिकी उघडून दिली. मागच्या सीटखाली चुरगळलेले तीन चेक निघाले, एका कार वॉशमधून चोरलेले.

‘श्नेक्लॉथ विरुद्ध बुस्टामांटे’ या नावाने तो सर्वोच्च न्यायालयात पोहोचला आणि २९ मे १९७३ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल लागला. लेखक पुन्हा पॉटर स्टुअर्टच. पाच वर्षांत बाकावर राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी नेमलेले चार न्यायमूर्ती आले होते आणि चौघेही स्टुअर्ट यांच्या बाजूने होते. निकाल असा: संमती स्वेच्छेची होती का, हे सगळी परिस्थिती एकत्र पाहून ठरवायचं. माणसाचं वय, शिक्षण, बुद्धी, त्याला किती वेळ अडकवून ठेवलं, धाकदपटशा झाला का, हे सगळं त्यात यावं. नकार देता येतो हे त्याला माहीत होतं का, हाही एक मुद्दा, पण अनेकांतला एक. ते सिद्ध करायची जबाबदारी सरकारवर नाही. मग पोलिसांनी ते सांगावं का? स्टुअर्ट म्हणाले की रस्त्यावर किंवा घरी, अनौपचारिक वातावरणात होणाऱ्या अशा विचारणेत सूचना देण्याची सक्ती अगदीच अव्यवहार्य आहे.

थर्गुड मार्शल यांनी विरोधी मत लिहिलं. न्यायमूर्ती होण्याआधी कृष्णवर्णीयांचे खटले लढत ते दक्षिणेतल्या गावोगावी फिरले होते. शेरीफ दारात आला की काय होतं हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. आपल्याकडे एखादी गोष्ट आहे हेच ज्याला ठाऊक नाही, तो ती सोडायचं ठरवतो कसा, असा त्यांचा प्रश्न होता. अव्यवहार्यतेच्या मुद्द्याला त्यांनी एका माहितीने उत्तर दिलं: एफबीआयचे लोक कित्येक वर्षं झडतीची परवानगी मागताना नकाराचा हक्क सांगतच आले आहेत आणि त्यांचं काम काही अडलेलं नाही. या उत्तराचा प्रतिवाद बहुमताच्या निकालात नीटसा सापडत नाही. पोलिसांची सोय आणि नागरिकाचं अज्ञान या दोहोंची सांगड घालून दिली गेली, आणि १९२१ पासून हळूहळू रुजत आलेली समज तिथे मागे फिरली.

त्यानंतरची चाळीस वर्षं झरझर सांगता येतात. १९७४ मध्ये ठरलं की घरात एकत्र राहणाऱ्या एकाने हो म्हटलं तर गैरहजर असलेल्या दुसऱ्याविरुद्धही पुरावा चालेल. १९९० मध्ये आणखी सैल झालं: ‘हो’ म्हणणारी व्यक्ती त्या घरात राहतच नव्हती, पण पोलिसांना तसं रास्तपणे वाटलं, तरी चालेल. २००६ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या अमेरिकस गावचा खटला आला. नवरा-बायकोचं भांडण, पोलीस घरात, नवरा पेशाने वकील, त्याने स्पष्ट नाही म्हटलं, पोलीस बायकोकडे वळले, तिने हो म्हटलं. दारात उभं राहून नाही म्हणणाऱ्याचं ‘नाही’ चालेल, असं पाच विरुद्ध तीन मतांनी ठरलं. २०१४ मध्ये त्यालाही फट पडली: नाही म्हणणाऱ्याला कायदेशीर अटक करून नेलं आणि नंतर येऊन घरातल्या दुसऱ्याला विचारलं, तर ती संमती ग्राह्य.

थोडं थांबावं लागतं ते शिकागो आणि सेंट लुइसपाशी, कारण तिथे एकट्यादुकट्या दाराऐवजी अख्ख्या वस्तीला संमती मागितली गेली.

शिकागोत सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या रॉबर्ट टेलर होम्ससारख्या उंच इमारतींमध्ये टोळ्यांच्या गोळीबाराने लोक जेरीस आले होते. १९९३ मध्ये मंडळाने वॉरंटशिवाय घरोघर झडत्या सुरू केल्या. एप्रिल १९९४ मध्ये संघराज्य न्यायालयाने त्यांना मनाई केली. काही दिवसांतच राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या सरकारने तोडगा सुचवला: भाडेकराराच्या कागदातच झडतीच्या संमतीचं कलम घालावं. म्हणजे गरीब भाडेकरू घराच्या आशेने जी सही करणार, तिच्यातच पुढच्या सगळ्या झडत्यांना होकार. हे कलम ऐच्छिक आहे असं सांगितलं गेलं. गोळ्यांच्या भीतीने झोप उडालेल्या कित्येक भाडेकरूंना झडत्या हव्याच होत्या, हेही तितकंच खरं. पण ज्याला दुसरं घर परवडत नाही त्याने सही केली, तर त्या सहीला राजीखुशी म्हणायचं कसं?

त्याच वर्षी सेंट लुइसच्या पोलिसांनी वेगळी रीत काढली. कल्पना आली होती वस्तीच्या सभेतून. पोरांकडे बंदुका आहेत अशी खबर मिळाली की पोलीस आईबापांकडे जात आणि घर बघू देता का, असं विचारत. सोबत एक छापील अर्ज असे. त्यात पोलीस लिहून देत की बंदूक सापडली तर ती आम्ही घेऊन जाऊ, पण तिच्यावरून खटला भरणार नाही. जवळजवळ सगळ्या आईबापांनी दार उघडलं, आणि पुष्कळ घरांत बंदुका निघाल्या. पोलिसांत नेतृत्व बदललं, तशी योजना गुंडाळली गेली.

त्या आयांच्या होकाराबद्दल शंका घ्यावीशी वाटत नाही. त्यांना काय मागितलं जातंय, सापडलं तर काय होईल, हे कागदावर दिसत होतं. आणि हो म्हटल्याने पोरगा तुरुंगात जाणार नव्हता. पोलिसांनी आपल्या हातातलं काहीतरी सोडलं होतं. बाकीच्या जवळजवळ सगळ्या खटल्यांत सोडायचं ते फक्त घरातल्या माणसाने.

नकाराचा हक्क नुसता सांगून किती भागतं? २०१९ मध्ये येल लॉ जर्नलमध्ये रोझॅना सॉमर्स आणि व्हनेसा बोन्स यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. प्रयोगाला आलेल्या लोकांना सांगितलं गेलं की फोन अनलॉक करून द्या, आम्ही तो दुसऱ्या खोलीत नेऊन तपासणार आहोत. शंभरातल्या ९७ जणांनी दिला. तीच परिस्थिती वर्णन करून इतरांना विचारलं तेव्हा बहुतेकांचं मत पडलं की समजदार माणूस फोन देणार नाही. नकार देता येतो असं आधी सांगून पाहिलं, तरी देणाऱ्यांचं प्रमाण फारसं घसरलं नाही. हे करणारे तर नि:शस्त्र संशोधक होते. बंद खोलीत बसून निकाल लिहिणाऱ्याला नकार जितका सोपा वाटतो तितका तो समोरासमोर नसतो. म्हणून मार्शल बरोबर होते, पण त्यांचा उपायही अपुरा होता. काय माहीत होतं याच्या जोडीला, विचारताना पोलीस कुठे उभे होते, किती होते आणि पहिलं वाक्य काय बोलले, हे पाहावंच लागतं.

वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये याच दिशेने एक नियम घातला. तिथे पोलिसांची ‘नॉक अँड टॉक’ नावाची पद्धत रूढ होती: वॉरंट मिळण्याइतका पुरावा नसला की दार ठोठवायचं, बोलत बोलत आत जायचं आणि मग संमती घ्यायची. काळी जाकिटं घातलेले चार अधिकारी अशा रीतीने एका बाईच्या घरात शिरले, तेव्हा तिच्याजवळ दोन लहान नातवंडं होती. तिने संमतीपत्रावर सही केली. न्यायालयाने राज्याच्या घटनेचा आधार घेऊन ती रद्द केली आणि सांगितलं की यापुढे घरात पाऊल टाकण्याआधी तीन गोष्टी सांगायच्या: तुम्ही नाही म्हणू शकता, दिलेला होकार कधीही मागे घेऊ शकता आणि काय बघू द्यायचं याला मर्यादा घालू शकता. ‘पाऊल टाकण्याआधी’ हे महत्त्वाचं. पोलीस बैठकीत आल्यावर मागितलेली परवानगी आणि पायरीवरून मागितलेली परवानगी यांत फार अंतर असतं. न्यू जर्सीने त्याहूनही आधी, १९७५ मध्ये, आपल्या राज्यापुरतं ठरवलं होतं की संमती देणाऱ्याला नकाराचा हक्क ठाऊक होता, हे सरकारनेच दाखवायचं.

भारतात हा वाद या रूपात उभा राहिला नाही, कारण आपल्या कायद्याने संमती मागितलीच नाही. १८९७ च्या प्लेगात पुण्याच्या पेठांमध्ये गोरे सोल्जर घराघरांत, माजघरात आणि देवघरात शिरले ते विचारून नव्हे. पुढच्याच वर्षीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेने झडतीची जी चौकट घातली तीच थोड्याफार फरकाने चालत आली. वॉरंट दाखवल्यावर घरवाल्याने आत येऊ द्यायचं. वॉरंट नसलं तरी तपासी अंमलदार कारणं लेखी नोंदवून झडती घेऊ शकतो. घटना आल्यावर १९५४ मध्ये ‘एम. पी. शर्मा’ खटल्यात आठ न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की अमेरिकेच्या चौथ्या दुरुस्तीसारखा हक्क आपल्या घटनाकारांनी दिलेला नाही आणि तो ओढूनताणून आणायचं कारण नाही. पुढे ‘पूरणमल’ खटल्यात ठरलं की झडती बेकायदा असली तरी मुद्देमाल पुराव्यातून बाद होत नाही. मुंबईतल्या परदेशी सोन्याच्या एका खटल्यात १९८० साली न्यायालयाने तेच पुन्हा सांगितलं. सापडलेला माल चालणारच असेल, तर संमती खरी की खोटी याचा काथ्याकूट कोण करील? २०१७ मध्ये पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला आणि शर्मा निकालातला तेवढा भाग मोडीत काढला. घरझडतीच्या रोजच्या व्यवहारात तो निकाल अजून पुरता उतरायचा आहे.

आपल्याकडे संमतीची जागा पंचांनी घेतली. १८९८ च्या संहितेत कलम १०३ ने सांगितलं की त्या परिसरातल्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमक्ष झडती घ्यावी. २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद योगायोगाने कलम १०३ मध्येच आहे. त्यातून पंचनाम्याची भाषा घडली. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरझडतीच्या पंचनाम्यांत सुरुवातीलाच एक वाक्य येतं: पोलिसांनी व पंचांनी प्रथम स्वतःची अंगझडती घरमालकास देऊ केली, ती त्यांनी घेण्यास नकार दिला. हेतू चांगला आहे. बाहेरून आलेल्याने खिशातून काही टाकलं नाही, याची खातरजमा घरवाल्याने करावी. पण दारात आलेल्या फौजदाराचे खिसे चाचपायला पुढे होणारा गृहस्थ कुठे भेटणार? म्हणून तो नकार पंचनाम्यांतून ठरीव शब्दांत उतरत राहतो. बंपरच्या आजीचा होकार आणि या घरमालकाचा नकार एकाच दडपणातून आलेले आहेत.

संमती आणि शरणागती यांतला फरक भारतीय कायद्याला शिकावा लागला तो महाराष्ट्रातल्याच एका पोलीस ठाण्यामुळे. १९७२ मध्ये देसाईगंजच्या ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याचा खटला उभा राहिला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ओळखलं की असहायपणे गप्प राहणं म्हणजे इच्छा नव्हे आणि शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहून विचारलं की शरण जाणं आणि संमती देणं यांतला भेद न्यायालयाला दिसू नये? त्या पत्रातून देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये पुराव्याच्या कायद्यात कलम ११४-अ आलं: पोलिसांच्या ताब्यातल्या स्त्रीशी संबंध सिद्ध झाला आणि तिने संमती नव्हती असं सांगितलं, तर संमती नव्हती असंच न्यायालयाने धरून चालायचं. गुन्हा वेगळा आणि किती तरी भीषण, पण सत्ता समोर उभी असताना ‘हो’ सिद्ध करायचं ओझं कुणावर टाकायचं, या प्रश्नाचं उत्तर इथे कायद्याने नि:संदिग्ध दिलं.

अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातही असंच एक उत्तर आहे. कलम ५० प्रमाणे अंगझडती राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर घ्या, असं म्हणायचा हक्क संशयिताला आहे. १९९९ मध्ये ‘बलदेव सिंग’ आणि २०१० मध्ये ‘विजयसिंह जाडेजा’ या खटल्यांत पाच-पाच न्यायमूर्तींच्या पीठांनी सांगितलं की हा हक्क संशयिताला सांगणं पोलिसांवर बंधनकारक आहे. सांगितला नाही, तर अंगावर सापडलेल्या मालावर शिक्षा टिकत नाही. जे वाक्य अमेरिकेच्या न्यायालयाला १९७३ मध्ये अव्यवहार्य वाटलं, तसंच वाक्य भारतातला हवालदार रस्त्यावर, रात्री-अपरात्री सांगतो आहे. मात्र हे संरक्षण अंगझडतीपुरतं आहे, घरापुरतं नाही.

१ जुलै २०२४ पासून नव्या संहितेच्या कलम १०५ ने झडतीचं दृक्‌श्राव्य चित्रण सक्तीचं केलं आहे, शक्यतो मोबाइलवर, आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचं आहे. चित्रणात मुद्देमालाची यादी आणि पंचांच्या सह्या यायला हव्यात, असं कलम सांगतं. दारावरची थाप, अंमलदाराचं पहिलं वाक्य आणि दार उघडणारीचं उत्तर यांचा उल्लेख कलमाच्या शब्दांत नाही. चित्रण माजघरातून सुरू झालं तर बंपरच्या आजीच्या घरी जे घडलं तसलं काहीच त्यात दिसणार नाही. मोबाइलचा कॅमेरा पायरीवरच सुरू झाला पाहिजे, हा आग्रह आतापासूनच वकिलांनी उलटतपासणीत आणि दंडाधिकाऱ्यांनी चित्रण हाती येताच धरायला हवा.